दारफाळणीची पिठलं-भाकरी

सेलू सोडलं त्या दिवशी शेजारची गौरामावशी स्टेशनावर आली, पण रडली नाही. आईला म्हणाली, “तिकडं तुमची मानसं हायती म्हंता. मंग बरंय.” बाबा कापसाच्या जिनमधले इंजिन मिस्त्री. मुंबईला आपल्या बेने इस्राएली ज्यूंच्या वस्तीत लेकींची लग्नं जमतील म्हणून आम्ही निघालो होतो. गाडी हलली तेव्हा मावशी पाठ फिरवून उभी होती. मला तिचा राग आला. आता येत नाही.

निजामाच्या राज्यातल्या त्या गावात ज्यूंचं घर आमचं एकच. तिथं आलो त्याच वर्षीची दारफाळणी, दारं लावून करायचा आमचा प्रायश्चित्ताचा उपास. इथं इस्राएलात तिला योम किप्पूर म्हणतात. सूर्य बुडायच्या आत आम्ही न्हालो, पांढरे कपडे घातले, चूल विझवली, कडी लावली. दुसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्यांशी बोलणं नाही. हे शेजारी सांगून ठेवावं, एवढं काही बाबांना सुचलं नाही.

गौरामावशी किराणा दुकानदाराची बायको. तिनं पांढरे कपडे पाहिलेले, सकाळी धूर दिसेना, आतून बाबांचं रडवेलं हिब्रू पठण. समजायचं ते समजून ती पिठलं-भाकरी घेऊन आली. “बाई, दार उघडा. दुखात उपाशी ऱ्हाऊ न्हाई.”

आईचा हात कडीवर गेला. बाबांनी मानेनंच नको म्हटलं. आई तिथंच बसली. नव्या गावात पहिलंच माणूस दाराशी आलं आणि आपण त्याला उत्तर दिलं नाही. हे लोक आता कायमचे तुटणार, या धास्तीनं ती दिवसभर रडली. उपासाचं तिला काहीच वाटलं नाही.

चांदणी दिसली, दार उघडलं. मावशी पायरीवरच, टोपली मांडीत.

“कोन गेलं गं?”

“कोणी नाही, गौराबाई. सण आहे आमचा.”

मावशीनं कपाळावर हात मारला. मग दिवसभर का बसलात, असं आईनं विचारलं. “दुखाचं घर, एकलं कसं सोडावं?” आम्ही उपास सोडला तो त्याच वाळलेल्या भाकरीवर. पुढं दरवर्षी ती भाकरी यायची, मावशीच्या हसण्यासकट.

मुंबईहून पुढं आम्ही इस्राएलात आलो. आता इथं बीरशेबा शहरात त्या दिवशी रस्त्यावर मोटार दिसत नाही. सिनेगॉग गच्च भरतं, उपास सुटला की केक आणि ज्यूस असतो. नातवंडं विचारतात, आजी, परक्यांच्या गावाला तू घर कसं म्हणतेस?

इथं दार का लावलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पायरीवर कोणी बसून राहत नाही.