घरमालकांनी बांधलेली गाडी

सुई घ्यायची असो की सून आणायची असो, ती ट्रकसारखी पारखूनच घ्यावी, असं मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला आहे आणि ते म्हणजे माझे तळवलीचे घरमालक. गावची शेतं गेली, इमारती आल्या, बरोबरीचे लोक भाड्यावर निवांत जगू लागले. हे मात्र स्वतःचा ट्रक घेऊन बाजाराचा माल वाहत राहिले. कलिंगड घेताना ते टायरवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारत. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, मिक्सर दुरुस्त होऊन आला की कान लावून म्हणत, "अजून मिसिंग मारतो." मी साताऱ्याकडच्या लहानशा गावातून, घरातला पहिला पदवीधर म्हणून महापेला नोकरीला आलो, तेव्हा खोली देण्याआधी त्यांनी माझ्या चपला उलट्या करून तळ पाहिले. "दोनी सारख्या झिजल्यात. सरळ चालतंस. ऱ्हा." प्रमाणपत्रांची फाइल मी छातीशी धरून आणली होती, ती उघडायची वेळच आली नाही. एवढ्या सोप्या परीक्षेत मी आयुष्यात कधी पास झालो नव्हतो.

मग एकदा उरणच्या रस्त्यावर गाडी चालवताना त्यांना भोवळ आली. नशीब, गाडी कडेच्या मातीत रुतून थांबली. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली, मुलांनी ट्रक विकून टाकला आणि घरमालक गॅलरीतल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. हमरस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि मध्येच ओरडायचे, "अरं, दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात!" जेवण तिथंच. बोलणं हळूहळू तेवढंच उरलं. एके दिवशी काकू माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तू शिकलेला हायस. काय पन कर, पन त्यांना त्या खुर्चीवरना उठव. मना माझा मानूस परत पायजे."

शिक्षणाचा असा उपयोग मला कुणी शिकवला नव्हता. सुचलं ते केलं. ट्रक चालवण्याच्या एका गेमचा व्हिडिओ मोबाइलवर लावून त्यांच्या हातात दिला. घाटाचा रस्ता, मोठा ट्रक, खाली दरी. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "ब्रेक उशिरा मारला त्यानं." मग विचारलं, "ही गाडी घरात चालते?"

"चालते, पण त्याला चांगला कॉम्प्युटर लागतो, काका."

"मग बांधू."

तयार कॉम्प्युटर मिळतो, हे मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तयार गाडी कोन घेतं? चासी घ्यायची, बॉडी आपन बांधायची." पैसे कुठले, तर वरच्या खोलीच्या वर्षाच्या भाड्याचे, त्यापुढे छदाम नाही आणि मुलांकडून तर मुळीच नाही. वरच्या खोलीत मी राहत होतो, त्यामुळे मलाही त्या गाडीत भागीदार झाल्यासारखं वाटलं. मी ऑफिसात बिलं तपासतो, कॉम्प्युटर आतून कधी पाहिलेला नाही, हे मी तीनदा सांगितलं. "शिकशील," ते म्हणाले. "मी पन शिकलोच."

वाशीच्या दुकानात त्यांनी पहिल्याच दिवशी मालकाला घाम फोडला. प्रोसेसर दाखवला तर विचारलं, "चढावर दम टाकतो काय?" रंगीत दिवे लावलेली काचेची पेटी पाहून म्हणाले, "गाडी पायजे, वरातीतला बँड नको." वीज पुरवणारा डबा मात्र त्यांनी जावयासारखा पारखून निवडला. "डिझेल टाकीत कंजुषी करायची नाय." त्यापायी रॅम निम्मी घ्यावी लागली. मी काळजी व्यक्त केली तेव्हा म्हणाले, "सामान कमी भरू. पन गाडी रस्त्यात मरायची नाय."

खरी अडचण ग्राफिक कार्डाची. गेमचं चित्र उमटवणारा हा भाग सगळ्यांत महाग. नवा घेतला तर बाकीची गाडी कागदावरच राहिली असती. जुना घ्यायचं ठरलं आणि माझे रविवार गेले. कारण जुनी वस्तू घ्यायची तर आधी मालकाचं घर पाहायचं, हा त्यांचा नेम. सानपाड्याला एका मुलानं स्वस्तात कार्ड काढलं होतं. चालवून दाखवलं, उत्तम चाललं. घरमालक चहा पिऊन उठले आणि जिन्यात म्हणाले, "नाय घ्यायचा." का? "छतावरचा पंखा बघितलास? इतकी धूळ! जो डोक्यावरचा पंखा पुसत नाय, तो डब्यातला काय पुसनार?" असे कितीतरी पंखे पाहिल्यावर शेवटी खांदेश्वरला एका नर्सबाईंच्या घरी ते दारातच थांबले. वर पंख्याची पाती आरशासारखी. कार्ड न पाहताच म्हणाले, "बाई, बांधून द्या." घरी येऊन लावलं तर खरंच एक कण धूळ नाही. मी त्या दिवसापासून माझा पंखा पुसतो.

बॉडीसाठी, म्हणजे कॅबिनेटसाठी, ते कळंबोलीला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या जुन्या मित्राकडे गेले. माप मी मिलिमीटरमध्ये लिहून दिलं होतं. ते त्यांनी खिशातच ठेवलं आणि स्वतःच्या वितीनं मोजून मित्राला सांगितलं, दोन वीत नि चार बोटं. मित्रानं ते आपल्या वितीनं घेतलं. आता हा मित्र असा धिप्पाड, की त्याच्या तळहातावर माझं ताट मावेल. पत्र्याची पिवळीधमक पेटी टेम्पोतून आली तेव्हा काकूंना वाटलं, धान्याची कोठी आली. कोपऱ्यात कमळं, वर 'गावदेवी प्रसन्न'. मदरबोर्ड आत लावल्यावर रिकाम्या वाड्यात एकट्या भाडेकरूसारखा दिसत होता. मी हसलो तर घरमालक शांतपणे म्हणाले, "हवा खेळती ऱ्हाईल."

शेवटी मुहूर्त झाला. नारळ फुटला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. इथं चाक नव्हतं, म्हणून काकूंनी ते गेमच्या स्टिअरिंगबरोबर आणलेल्या, पायानं दाबायच्या ॲक्सिलरेटरखाली ठेवलं. घरमालकांनी इस्त्रीचा सदरा घातला, गॅलरीतली खुर्ची स्वतः आत ओढून आणली, तिच्यावर बसले आणि पाय दाबला. लिंबू फुटलं, पडद्यावरचा ट्रक हलला आणि लगेच समोरच्या गाडीवर आदळला, कारण तो कुठल्याशा परदेशातला रस्ता होता. "सगले राँग साइडनं चालल्यात!" ते ओरडले. मी म्हटलं, काका, इथं हीच साइड. "बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आठवडाभर आदळत राहिले. पण रोज उठून बसले.

आता मी उलव्याला राहतो. गेल्या महिन्यात सहज गेलो होतो. घरमालक बर्फातून माल घेऊन चालले होते, चाळीसच्या वर काटा नाही, मागून हॉर्न वाजत होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, पण नजर रस्त्यावरच. काकूंनी चहा आणला. "गाडी चालवताना नाय," ते म्हणाले. "फुडं जागा बघून थांबतो."

काकू माझ्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "सगला जलम त्यांची वाट बघन्यात गेला. आता चार हातांवर बसल्यात, तरी बघ, वाटच बघते हाय." आणि चहावर बशी झाकून त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.