गाडीचा आवाज
परवा द्वारकेच्या चौकात हातगाडीवर प्लास्टिकची भातुकली विकायला ठेवलेली दिसली आणि माझ्या बालवाडीतली चार वर्षांची एक मुलगी आठवली. तेव्हा मी कॉलनीतल्या एका पत्र्याच्या खोलीत बालवाडी चालवत होते. पत्रा तापायचा आणि खोलीभर खडूचा, डब्यातल्या पोळीभाजीचा वास कोंडायचा. एकदा मुलं भातुकली खेळत असताना गल्लीत मोटरसायकल थांबली. ती मुलगी झटकन उठली, भांडी कोपऱ्यात सारली आणि भिंतीला चिकटून बसली. "काय गं, काय झालं?" मी विचारलं. ती कुजबुजली, "पप्पा आले. आता कुणी बोलायचं नाही." बाहेर दूधवाला होता. बाकीच्या मुलांना गंमत वाटली, पण आठवडाभरात कुठलीही गाडी थांबली की सगळा वर्ग तिच्यासारखा गप्प बसू लागला, आणि आता कुणी हसत नव्हतं. शेवटी शाळा सुटल्यावर मी तिच्या आईला थांबवलं. "अहो, घरी काही त्रास आहे का?" "नाही हो टीचर, पोरगी जरा भित्री आहे, बाकी..." तेवढ्यात गाडी थांबली आणि आईचं बोलणं तुटलं. या वेळी खरंच तो होता. दारात उभा राहून त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय चाललंय टीचर?" मी म्हणाले, "काही नाही." दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही. घरी गेले तर कुलूप होतं, आणि ती माणसं कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आज मी कुठल्याही पालकाशी तोंडावर बोलते, पण त्या दोघींना गरज होती तेव्हा मीही गप्प बसले.