सतरा नंबरचं खरं नाव

आमच्या शिलाई कारखान्यात तिला सगळे 'सतरा' म्हणायचे, कारण ती सतरा नंबरच्या मशीनवर बसायची. मी अठरावर. काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी नवरा 'अगं ए'वर भागवायचा. खरं नाव घ्यायची हौस सुरुवातीला सगळ्यांना असायची, पण दोन दिवसांत जिभेची बोबडी वळायची. सुरुवात घशातून करायची, मधे जीभ टाळूला टेकवायची नाही आणि शेवटचा स्वर नुसता श्वासावर सोडायचा. आपल्या अक्षरांत ते मावत नाही, म्हणून मी लिहीतही नाही.

"ते फक्त आईला येतं," ती म्हणायची.

तिच्या वेळी आई दोन दिवस अडली होती. कुठल्या तरी लांबच्या मुलखातून आलेल्या सुईणीने दोघींना वाचवलं. आईने सुईणीचं नाव तिच्याकडून घोकून घेतलं आणि पोरीला ठेवलं. अर्थ विचारायचा मात्र राहिला तो राहिलाच.

आता तीच आई दवाखान्यात चार दिवस मुकी पडून होती. "एकदा तिला मला हाक मारू दे गं," सतरा मला म्हणाली. "नाहीतर माझं नाव तिच्याबरोबरच जाईल." आणि आमचा सुपरवायझर! सुट्टी मागितली की 'उद्या बघू'. मेल्याला आई नसेलच बहुतेक. शेवटी मी त्याच्याशी भांडून दोघींची दुपार सोडवून घेतली.

आम्ही पोचलो, तेव्हा आईचे डोळे उघडे होते. तिने हाक मारली. स्पष्ट, शेवटच्या स्वरापर्यंत. इतकं सुंदर नाव मी दोन दिवस वाकडंतिकडं चघळून सोडून दिलं होतं, याची मला लाज वाटली.

"आई, मी इथेच आहे," सतरा खाली वाकली.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "बाई, माझं काहीही होऊ दे. पोर तेवढी वाचवा."

हाक सुईणीला होती. हातातोंडाशी आलेला घास असा जाताना मला बघवेना. सतराने पदराने आईचं कपाळ पुसलं.

"पोर वाचली," ती म्हणाली. "मुलगी आहे."

"रडली का?"

"हो. रडतेय."

आईची बोटं सैल झाली.