खालच्या लूमचा सूर

माझ्या वडिलांशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, ते वळेपर्यंत थांबायचं आणि मग तोंड मोठं उघडून एकेक शब्द बोलायचा, हा आमच्या घरातला नियम होता. घर नवागामात, दोन खोल्यांचं. वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि शेवटपर्यंत लूमवरच राहिले. लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. खात्यात यंत्रं सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाची हाकही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. बरेचदा आवाज काढतच नाहीत, नुसते ओठ हलवतात. वडील ही विद्या घरी घेऊन आले. पुढे त्यांच्यापाशी दुसरी कुठली उरलीच नाही.

खात्याला आठवड्यातून एक सुट्टी असायची. अशाच एका सुट्टीच्या दुपारी वडील खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "आज बी खातं चालू शे का?"

आई भाकरी थापत होती. पिठाचे हात घेऊन ती त्यांच्यासमोर आली आणि मान हलवून म्हणाली, "नही. आज सुट्टी शे."

"मंग माले आवाज कसा काय येस?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. मी हसलो. चांगला खो खो हसलो, कारण वडील मान वाकडी करून भिंतीकडे असे बघत होते, की जणू भिंतीपलीकडे कोणी लबाडी करतंय. आई हसली नाही. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्याचा मला फार राग आला होता. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मी लूमवर जाणार नाही हे मी फार लवकर ठरवलं होतं. त्याऐवजी काय करणार, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते ठरवलं एका म्हाताऱ्या गिटारवादकानं. उमेदीची वर्षं जहाजावर वाजवून तो सुरतेला येऊन राहिला होता आणि शिकायला येणाऱ्याला जॅझखेरीज काही शिकवायला तयार नव्हता. त्याच्याकडे शिकणारा मी एकटाच. पहिले सहा महिने त्यानं मला नुसतं ऐकायला लावलं. "कान आहेत तोवर सगळं आहे," असं तो म्हणायचा. मला ते कंटाळवाणं वाटायचं.

तारा जुळवायला त्यानं मला एक ट्यूनिंग फोर्क दिला होता, तो मी आठवड्याभरात हरवला. त्याला सांगायची हिंमत नव्हती. मग मी एक युक्ती काढली. आमच्या गल्लीला लागून खातं होतं. यंत्रांच्या खडखडाटाखाली तिथल्या मोटारींचा एक सूर सारखा घुमत असायचा. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवलं की तो सूर सापडायचा. मी त्याच्याशी तार जुळवू लागलो. तो सूर खऱ्या सुरापेक्षा केसभर चढा असतो, हे कळायला मात्र माझा पहिला कार्यक्रम उजाडावा लागला. कीबोर्डवाल्यानं मध्येच हात थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं, "गिटार चढेलुं छे, भाई." त्यानंतर मी आधी लूमशी जुळवायचो आणि मग तार केसभर उतरवायचो. चूक पकडली गेली, पण युक्ती सुटली नाही. उलट तिचा मला गर्व झाला. लूमवाल्याच्या मुलाला लूमनं एवढं तरी द्यायलाच हवं, असं मला वाटे.

सुरतेत जॅझ वाजवून पोट भरतं का, असं लोक विचारतात. नाही भरत. दर शनिवारी मी एका हॉटेलात वाजवायचो, तिथे पनीर टिक्का खाणारी मंडळी माझ्याकडे पाठ करून बसायची. हजीऱ्याच्या कंपन्यांत आलेले परदेशी इंजिनियर तेवढे कधीतरी मान डोलवायचे, आणि त्या एका डोलणाऱ्या मानेवर माझा महिना जायचा. माझ्या जॅझला पोसलं ते गरब्यानं. नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं, पाठीमागे माणसापेक्षा उंच स्पीकर, आणि पुढे हजारो पाय. पंचवीस एक नवरात्रं मी त्या स्पीकरांसमोर काढली. कानात बोळे घालणाऱ्या ड्रमवाल्याची आम्ही टिंगल करायचो.

उरलेले दिवस क्लास. क्लास काढला उधन्यात, रविवारीही चालणाऱ्या एका खात्याच्या वरच्या मजल्यावर. जो लूमपासून पळाला त्यानं लूमच्या डोक्यावर जाऊन बसावं, याला काय म्हणायचं! पण तिथे कितीही जोरात वाजवलं तरी शेजारी तक्रार करत नाहीत, आणि माझा सूर फुकटात खालून वर येत होता. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मी सांगायचो, त्या ट्यूनर नावाच्या यंत्राच्या नादी लागू नका, खाली ऐका. वीस वर्षं हेच सांगितलं.

काही गोष्टी होत होत्या, पण मी कानाडोळा करत होतो. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे बायकोला विचारावं लागे. हॉटेलातल्या वेटरचं बोलणं पाठमोरं असलं की कळत नसे, म्हणून तो नीट बोलत नाही असं मी ठरवून टाकलं. माझ्या अॅम्प्लिफायरवर उंच सुरांचा आवाज मी वाढवत गेलो होतो. एकदा मी वाजवत असताना एका विद्यार्थिनीनं कानांवर हात ठेवले, तर मी तिला तासभर शिस्तीवर व्याख्यान दिलं. ती पुन्हा आली नाही.

आणि आई. वडील जाऊन अकरा वर्षं झाली तरी आई माझ्याशी त्यांच्याशी बोलायची तशीच बोलते. खांद्यावर हात, मग थांबणं, मग मोठं तोंड. "म्हातारीची सवय काही जात नाही," असं मी बायकोला हसत सांगायचो. बायको विषय बदलायची. तिला आईची थट्टा आवडत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

परवाच्या रविवारी बारडोलीहून येणाऱ्या बाईंचा तास होता. तिथल्या साखर कारखान्याच्या ऑफिसात त्या नोकरी करतात, वय पन्नाशीच्या पुढे, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत त्यांच्याइतका मन लावून कोणी शिकत नाही. मी त्यांची गिटार घेतली, खालच्या लूमकडे कान दिला, सूर पकडला, तार जुळवली, केसभर उतरवली आणि गिटार परत दिली. त्यांनी एक कॉर्ड वाजवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग पिशवीतून चिमट्यासारखा ट्यूनर काढून गिटारीच्या डोक्याला लावला. त्याचा दिवा लाल झाला. पुन्हा वाजवलं, पुन्हा लाल.

मला राग आला. "ते काढा आधी," मी म्हणालो. "यंत्रापेक्षा कान मोठा. खाली लूम चालू आहेत ना? ते ऐका."

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी चेष्टा करतोय की काय, ते त्या पाहत होत्या. मग चाचरत म्हणाल्या, "सर, नीचे तो ताळुं छे. गया रविवारथी."

खाली कुलूप. मागच्या रविवारपासून.

मालक यंत्रं गावाबाहेर हलवणार आहे, हे मी ऐकलं होतं. माझा जिना मागच्या गल्लीतून आहे, पुढच्या फाटकाकडे मी महिनोन्महिने जात नाही. मी खाली वाकलो आणि फरशीवर तळहात टेकला. खातं चालू असलं की ही फरशी सतत थरथरते, विद्यार्थ्यांचे पाण्याचे ग्लास टेबलावर सरकतात. फरशी गार होती आणि अगदी स्थिर होती. तरी सूर घुमतच होता. मी दोन्ही कानांत बोटं घातली. तो कमी झाला नाही, उलट जवळ आला. वडील खाटेवर मान वाकडी करून भिंतीकडे बघत होते, तेव्हा त्यांना काय ऐकू येत होतं ते मला त्या क्षणी समजलं.

गेला आठवडाभर मी कशाशी तारा जुळवत होतो? आणि त्याआधी? खालचा सूर कधी संपला आणि माझा कधी सुरू झाला, हे मला सांगता येईना. किती मुलांच्या गिटारी मी बेसूर करून घरी पाठवल्या असतील. बाईंना मी बरं वाटत नाही म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्या पाणी आणून देऊन गेल्या. त्यांच्या गिटारीला हात लावायचा मला धीर झाला नाही. ज्या कानांचा मी एवढा डौल मिरवला, ते गेले तर माझ्यापाशी उरतं काय? ना वाजवणं, ना शिकवणं.

भर दुपारी घरी आलो. दार उघडंच होतं. आत ओट्याशी आई आणि बायको उभ्या होत्या, दोघींची माझ्याकडे पाठ. आई मेथी निवडत काहीतरी सांगत होती. तिची मान खाली होती आणि तिनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवलेला नव्हता. बायको मधूनच हसत होती आणि आईकडे न बघताच उत्तर देत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. त्या दोघींच्या बोलण्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. खातं मात्र चालू होतं.

म्हणजे ती सगळ्यांशी तशी बोलत नव्हती. फक्त माझ्याशी तशी बोलत होती.

बायकोनं आधी मला पाहिलं, मग आईला कोपरानं खूण केली. आई हात पुसत माझ्यापाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबली आणि तोंड मोठं करून म्हणाली, "जेवस का?"

"आई," मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

ती खात्यातल्या माणसांसारखी बोलली, घशातून जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. "तू बापसारखी मान वाकडी कराले लागना, तवयपासून."

मला एकूण एक शब्द कळला.