सज्ज्यातली जागा

माझे मोदक मोदकपात्रातून वेचून बाहेर काढले गेले, तेव्हा मी तिथेच उभी होते. बोटांना उकड चिकटलेली होती.

परदेशातल्या टूनगॅबी या उपनगरातलं स्मिताचं घर. ती आयटीत, नवरा डॉक्टर, आमची घट्ट मैत्री. गणपतीच्या आरतीनंतर तिच्या हॉलमध्ये माझं भाषण होतं. मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवते. विषय तिनेच निवडला: इंग्रजांच्या वसाहतीतली अमेरिका, तिथली धर्मजागृती, तिथले नवे विचार. "आपल्या लोकांना जरा इंटलेक्चुअल काहीतरी ऐकव यार," म्हणाली. मी लवकर पोहोचले आणि मोदक वळायला बसले. कळ्या पाडायला तिनेच शिकवलं.

शेजारी तिच्या सासूबाई, पुण्याहून आलेल्या. कौतुकाने म्हणाल्या, "छान वळतेस गं. तुमच्याकडे किती दिवसांचा असतो गणपती?"

हा प्रश्न गणपतीचा नसतो. मी तो लहानपणापासून ओळखते.

"आमच्याकडे बसत नाही. आम्ही बौद्ध."

त्या उठल्या. मोदकपात्रात वाफवून झालेले, जाड कळ्यांचे माझे मोदक बरोबर ओळखले आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात टाकले. "हे मुलांना होतील. नैवेद्याला सोवळ्यातले लागतात."

सोवळ्यात कोण होतं? स्मिता जीन्समध्ये. बाकीच्या बायका तशाच. स्मिताने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. हळूच म्हणाली, "आईंचं जुनं वळण आहे गं. ॲडजस्ट कर ना, प्लीज."

सासूबाईंपेक्षा मला तिचाच राग आला. त्यांना मी मैत्रीण म्हटलं नव्हतं.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. मागे वळून पाहिलं नाही, असं आई सांगते. त्यांची नात शिकली, समुद्र ओलांडून आली, आणि मैत्रीखातर त्याच देवांच्या उंबऱ्याआत कळ्या पाडत बसली. स्वतःची शिसारी आली.

आरती झाली. मी बोलायला उभी राहिले.

सांगितलं, तिकडे प्रवचनकार उघड्या माळावर बोलायचे. मालक आणि गुलाम, दोघंही ऐकायचे. देवापुढे सगळे सारखे, कुणालाही नवा जन्म घेता येतो. त्याच काळात शिकलेली माणसं पुस्तकं वाचून म्हणत होती, माणूस जन्मतःच स्वतंत्र आहे. माना डोलल्या. "ब्यूटिफुल," स्मिताचा नवरा म्हणाला.

"पण चर्चमध्ये काळ्या माणसांची जागा वर, सज्ज्यात," मी म्हणाले. "आणि स्वातंत्र्याची पुस्तकं वाचणाऱ्यांच्या शेतात गुलाम राबत होते. पुढे त्या सज्ज्यातली काही माणसं खाली उतरली, बाहेर पडली आणि त्यांनी आपली वेगळी चर्च उभी केली. प्रवचनात ऐकलेलं त्यांनी खरं मानलं होतं."

मी किचनकडे हात केला.

"या घरातला सज्जा किचनमध्ये आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात. मी बौद्ध आहे, म्हणून माझ्या हातचे मोदक तिथे ठेवलेत."

मघाशी डोलणाऱ्या माना आता खाली. स्मिताची मुलगी तेवढी बोलली, "मम, व्हॉट डिड वी डू?"

"नथिंग, बेटा," स्मिता म्हणाली.

मी किचनमध्ये गेले, डबा उचलला आणि घराबाहेर पडले. जेवायला थांब, असंही कुणी म्हणालं नाही.

स्टेशनच्या बाकावर बसून मोदक खाल्ले. चांगले झाले होते. रडूही आलं, ते रागाचं होतं.

ट्रेनमध्ये स्मिताचा मेसेज आला. "सॉरी यार. तू उगाच सगळ्यांसमोर काढलंस. नेक्स्ट इयर नक्की ये, आई नसतील."

म्हणजे सासूबाई नसतील तेव्हा मी चालेन. मी उत्तर लिहिलं.

"येणार नाही. तुझ्या मुलीने विचारलं आणि तू नथिंग म्हणालीस. तिला खरं सांग. तू सांगितलं नाहीस तर ती मोठी झाल्यावर मी सांगेन, तुझं नाव घेऊन."