जिवलीची चौथी ओळ

हौसा ही मुरबाडच्या बाजूची जुनी धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन लग्न लावून देणारी. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत तिच्याशिवाय लग्न लागलं नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. अक्षराशी मात्र तिची कधी ओळख झाली नाही.

वाशिंदच्या भूमिकानं धवलारिणींचं अॅप काढलं, तेव्हा ती माहिती विचारायला घरी आली. नाव, गाव, फोन हौसानं सांगितलं. गुरू कोण, म्हटल्यावर ती तडकली. "गुरूचं नाव मांडवात घ्यायचं, पयल्या धवल्याच्या आधी. फोनात नाय." मानसन्मान विचारले, तर "सगला मुलुख वलखतो मला," एवढंच बोलली. दोन्ही रकाने रिकामे राहिले.

अॅप उघडलं की भूमिकाच्या तक्त्यातून माहिती येई आणि एकेका बाईच्या फोटोखाली भरलेल्या रकान्यांइतक्या ओळी लागत. रिकाम्या रकान्याची ओळच उमटत नसे. हौसाच्या फोटोखाली तीन ओळी आल्या. आणि जिवलीच्या फोटोखाली चार.

जिवली! सात वर्षं हौसाच्या मागे बसून सूर ओढणारी पोर. आता वेगळी गात होती, शहापूरपर्यंत जात होती, आणि वर ही चौथी ओळ. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेचा मोबाइल घेऊन ती दिवसातून दहादा यादी वरखाली सरकवायची आणि बोटानं ओळी मोजायची. गेल्या साली मेळाव्यात जिवलीला शाल मिळाली होती, तीच मिरवली असणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं. सून म्हणाली, "वाचून दावू का?" त्यावर हौसानं मोबाइल पदराखाली घेतला. दुसरीचं कौतुक सुनेच्या तोंडून ऐकायचं? त्यापेक्षा कान फुटलेले बरे.

शेवटी तिनं भूमिकाला फोन लावला. "त्या जिवलीची खालची ओल काढ."

"आजी, अहो त्यात..."

"काय हाय त्यात ते मला ठावं हाय. काढ."

भूमिका म्हणाली, "बरं, तुमची इच्छा. तुमचा तेवढा हक्क आहे."

संध्याकाळी जिवलीच्या फोटोखाली तीनच ओळी होत्या. हौसा त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

चार दिवसांनी लडकू आला. दूर शहापूरकडचा, मुलीचं लग्न ठरलेला बाप; जुनी धवलारीण कुठं राहते, असं विचारत आलेला. ओटीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाय, एक इचारू? त्या जिवलीच्या नावाखाली लिवलं व्हतं, अमकी माजी गुरू, तिच्यावानी कोन गात नाय. आमाला ती गुरूच पायजे. पन नाव ध्यानात नाय रायलं, आन आता ती ओलच दिसत नाय. तुमी जुन्या, तुमाला ठावं असंल."

जिवली दुसऱ्या कुणाकडे एक ओळही शिकली नव्हती. 'मीच ती' हे शब्द हौसाच्या ओठांवर आले होते. पण हेवा इतक्या दिवसांचा, तो एवढ्यावर शमेना. जिवलीच्या तोंडून, या परक्या माणसासमोर, आपलं नाव ऐकायचं होतं तिला.

"तिलाच इचारा," ती म्हणाली. "मोठ्यानं लावा फोन."

लडकूनं लावला. जिवलीचा आवाज ओटीभर झाला.

"नाव नाय सांगनार, दादा. मी मोठ्या मायेनं लिवलं व्हतं. भूमिकाताय बोलली, गुरूबायनीच ते काढाया लावलं. माजी लाज वाटत असंल त्यांना. आता मांडवात पन मी त्यांचं नाव घेत नाय, नुसता हात जोडते."

फोन बंद झाला. लडकू हौसाकडे वळला.

"बगा आता," तो म्हणाला. "कोन असंल गो अशी बाय?"