भाताची एक काडी

परवा आंब्याची पेटी उघडली आणि आमच्या खांदेश्वरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पेंढ्याचा वास पसरला. हल्ली पेटीत कागदाच्या पट्ट्या नाहीतर फोमच्या जाळ्या असतात. हा मात्र खराखुरा भाताचा पेंढा होता, पिवळा आणि थोडा खरखरीत. आंबे बाजूला ठेवून मी तो आधी नाकाशी धरला. सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी दारातून विचारलं, "ताई, ह्ये सुक्यात टाकू का वल्यात?" शेजारच्या वहिनी सोलापूरकडच्या. त्या वाकून बघत म्हणाल्या, "असला कडबा कशाला आणलाय घरात?" मी म्हटलं, कडबा तुमच्या ज्वारीचा, भुसा गव्हाचा, आमचा हा पेंढा. यावर त्या हसल्या आणि आंबे किती डझन आहेत ते मोजू लागल्या.

पण माझं डोकं त्या शब्दांत अडकलं ते अडकलंच. दाणे काढून घेतल्यावर जे उरतं त्याला आपण काडीची किंमत देत नाही, आणि बोलताना मात्र त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही. ज्याला काडीची अक्कल नाही त्याच्या डोक्यात भुसा भरलेला असतो. घरातल्या घरात काड्या घालणारे असतात, आणि काडी काडी जमवून संसार उभा करणारेही असतात. हरलेला माणूस पूर्वी दाती तृण धरून शरण यायचा; मी तुमची गाय, मला मारू नका, असा त्याचा अर्थ. आणि काडीमोड. हा शब्द आता वर्तमानपत्रात कुठल्यातरी पक्षाने कुठल्यातरी पक्षाशी घेतलेला असतो. तो छापणाऱ्यांपैकी कितीजणांनी खरोखरची काडी मोडताना पाहिली असेल, कोण जाणे. मी पाहिली आहे.

माझी धाकटी मावशी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. तिला उलव्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात दिलं होतं. नवरा हात उचलायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते हळू आवाजात बोलायचे. शेवटी कोर्टाचे कागद झाले, तरी माझे मामा अडून बसले: गावाने सोडल्याशिवाय तिला माहेरी ठेवता येणार नाही, उद्या लोक काय म्हणतील. म्हणून वैशाखातल्या एका सकाळी दोन्ही गावांचे पंच तिच्या सासरच्या देवळाच्या ओट्यावर बसले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. शिकलेली म्हणून कागद वाचून दाखवायला मला नेलं होतं. मी वाचला. पंचांनी माना डोलावल्या. आता भाताची एक काडी आणायची, तिची दोन टोकं नवराबायकोने धरायची आणि मोडायची, एवढंच राहिलं होतं.

आणि तिथेच घोडं अडलं. गावात काडी नव्हती. जमिनी शहरासाठी जाऊन तीन वर्षं झाली होती, शेतांवर मातीचे भराव पडले होते, गुरं विकली गेली होती. लोक या घरातून त्या घरात हिंडले. एकाने खराट्याची हीर आणली. पंचांनी ती परत पाठवली. सबंध आयुष्य पेंढ्यात लोळलेली ती माणसं अशी ओशाळून एकमेकांकडे बघत होती की एरवी मला हसू आलं असतं. मावशीचा सासरा तेवढ्यात उठलाच. "काडी नाय तं बैठक नाय. पुढच्या महिन्यान बसू. तवर ती आमच्याच घरान ऱ्हाईल." मामा खाली बघू लागले. ती त्या घरात परत गेली तर महिन्याभरात तिचं काय होईल, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

मावशी खाली, खांबाला टेकून बसली होती. ती उठली. कमरेची पिशवी सोडून तिने फडक्याची एक घडी काढली आणि ओट्यावर उलगडली. "काडी हाय माझेकडं."

म्हाताऱ्या पंचांनी ती हातात घेऊन वास घेतला. "भाताचीच हाय?"

"तुमच्या गावची हाय. यांच्याच शेतातली." तिने मानेने नवऱ्याकडे दाखवलं. "शेवटचा भात कापला ना, त्या दिशी ठेवली. मना ठाव होतं, मागून मिलनार नाय."

काडी इतकी सुकलेली होती की दोघांनी धरताच कट्कन मोडली. त्याने आपला तुकडा तिथेच टाकला आणि तो चपला शोधू लागला. मावशी त्याच दुपारी आमच्याबरोबर निघाली, एक पत्र्याची पेटी घेऊन.

आज ती कामोठ्याला राहते, बाजारात मासळी विकते, गिऱ्हाइकाला दमात घेते, आणि मला पापलेट नेहमी निवडून देते. त्या दिवसाचा विषय ती काढत नाही. तिकडचं गाव आता इमारतींमध्ये शोधावं लागतं. शेत कुठे होतं ते मला दाखवता यायचं नाही. माझ्या डोक्यात राहिला आहे तो फक्त एक हिशेब, आणि तो मी त्या परतीच्या रिक्षातच केला होता. कापणी होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे तीन वर्षं तिचं ठरलेलं होतं. त्या तीन वर्षांत मी चार वेळा तिच्याकडे जेवून आले, आणि चारही वेळा निघताना, शिकलेली म्हणून, तिला सांभाळून घ्यायला सांगितलं. प्रत्येक वेळी ती हो म्हणाली होती आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती.